क्रमाला प्रमाण काय? तर्काधिष्ठित प्रश्नभाषा आणि ॲरेचा प्रश्न

डेटाबेसमधील माहितीला प्रश्न विचारण्यासाठी ज्या भाषा रचल्या गेल्या, त्यांपैकी तर्कशास्त्राच्या पायावर उभ्या असलेल्या भाषांनी ज्ञानाविषयी एक ठाम भूमिका घेतली आहे. या भूमिकेनुसार माहिती म्हणजे तथ्यांचा संच होय; एखादे तथ्य त्या संचात आहे किंवा नाही एवढाच प्रश्न अर्थपूर्ण असतो, आणि ते तथ्य कितव्या स्थानी आहे, ते कोणाच्या आधी वा नंतर नोंदले गेले, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. ॲरे ही रचना नेमकी याच्या विरुद्ध टोकाची आहे. ॲरेमध्ये मूल्ये क्रमाने मांडलेली असतात, प्रत्येक मूल्याला निर्देशांक म्हणजे स्थान दाखवणारा अंक असतो, आणि तीच मूल्ये वेगळ्या क्रमाने मांडली तर ॲरे वेगळा होतो. म्हणून तर्काधिष्ठित प्रश्नभाषेत ॲरेला जागा द्यायची की नाही, आणि द्यायची तर कोणत्या रूपात, हा वरकरणी अभियंत्यांचा वाटणारा प्रश्न एका जुन्या तात्त्विक प्रश्नाशी जाऊन भिडतो: क्रम हा वस्तूंचा धर्म आहे, वस्तूंहून निराळा पदार्थ आहे, की पाहणाऱ्याच्या बुद्धीने केलेली केवळ मांडणी आहे?

या भाषांचा नमुना म्हणून डेटालॉग घेता येईल. १९७७ साली फ्रान्समधील तूलूझ येथे तर्कशास्त्र आणि डेटाबेस या विषयावर भरलेल्या परिसंवादापासून ज्या विचाराला स्वतंत्र शाखेचे रूप आले, त्याच विचारातून ही भाषा घडली. डेटालॉगमध्ये दोनच गोष्टी असतात, तथ्ये आणि नियम. नाथपंथाचे उदाहरण घेतले तर गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू आणि निवृत्तिनाथ हे ज्ञानदेवांचे गुरू ही दोन तथ्ये होत. आणि जो कोणाचा गुरू आहे तो त्याचा पूर्वाचार्य, तसेच पूर्वाचार्याचा गुरू हाही पूर्वाचार्यच, हे दोन नियम होत. या नियमांतून नवी तथ्ये निघत राहतात आणि आणखी काहीच निघेनासे झाले की गणना थांबते. त्या अवस्थेला स्थिरबिंदू म्हणतात. तथ्ये कोणत्याही क्रमाने लिहिली, नियम खालीवर केले, तरी स्थिरबिंदू तोच राहतो. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की आदिनाथांपासून ज्ञानदेवांपर्यंतची परंपरा ही क्रमबद्धच आहे, परंतु तो क्रम तथ्यांच्या रांगेत नसून तथ्यांच्या आशयात आहे. शिवाय सोपानदेव आणि मुक्ताबाई यांनाही निवृत्तिनाथांकडूनच उपदेश मिळाला असे परंपरा मानते. संबंधाच्या रूपात ही शाखा सहज सामावते, पण परंपरेचा एकच ॲरे करून शून्यापासून पाचपर्यंत अंक दिले की ज्ञानदेवांच्या स्थानावर दुसऱ्या कोणाला बसवायचे हा पेच उभा राहतो. क्रम सांगण्यासाठी ॲरे अपरिहार्य आहे, हा समज त्यामुळे पहिल्याच पायरीवर तपासून घ्यावा लागतो.

संचाचा हा आग्रह निष्कारण नव्हता. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधारित माहितीरचनेचा पाया घालणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी त्या काळच्या प्रणालींतील परावलंबनाचे तीन दोष दाखवले, आणि त्यांतला पहिलाच साठवणुकीच्या क्रमावर विसंबण्याचा होता. नोंदी ज्या क्रमाने साठवल्या त्याच क्रमाने त्या मिळतील असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्राम साठवणूक बदलताच कोसळत असत. कॉड यांची चिंता इतकी खोल होती की तक्त्यातील स्तंभांचा डावा-उजवा क्रमही वापरणाऱ्यावर लादू नये, स्तंभ नावाने ओळखावेत, असे त्यांनी सुचवले. जे केवळ मांडणीचे आहे ते ज्ञानात शिरू देऊ नये, हे वैराग्य या भूमिकेत आहे, आणि ते आदरास पात्र आहे.

तरीही क्रम पूर्णपणे हद्दपार झालेला नाही. गुरू या संबंधात पहिल्या जागी निवृत्तिनाथ आणि दुसऱ्या जागी ज्ञानदेव असणे म्हणजे एक सत्य. जागा उलटल्या की ते असत्य होते. प्रत्येक तथ्याच्या पोटात अशी एक क्रमित जोडी दडलेली असते. काझिमिएझ कुरातोव्स्की यांनी १९२१ साली क्रमित जोडी निव्वळ संचांतून कशी बांधता येते हे दाखवले, त्यामुळे क्रमासाठी संचाबाहेरचा वेगळा पदार्थ मानण्याची सक्ती उरली नाही. पण क्रमाची गरज संपली असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

हा वाद भारतीय दर्शनांत शब्दाच्या स्वरूपाविषयी अतिशय सूक्ष्मपणे झालेला आहे. उच्चारलेले वर्ण एकामागून एक नष्ट होतात, मग अर्थ कशातून कळतो? भर्तृहरी आणि त्यांच्या मागचे वैयाकरण यांचे उत्तर स्फोट हे आहे. वर्णांनी व्यक्त होणारा, पण वर्णांहून निराळा, अखंड असा शब्द हाच अर्थाचा वाहक होय. मीमांसक कुमारिल भट्ट यांनी हे नाकारले, आणि शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील देवताधिकरणाच्या भाष्यात उपवर्षांचा हवाला देऊन वर्ण हेच शब्द असा पक्ष घेतला. त्यांच्यापुढचा आक्षेप तर ॲरेच्या प्रश्नाशी अक्षरशः जुळतो: वर्णच शब्द असतील तर राजा आणि जारा, कपी आणि पिक या जोड्यांत वर्ण तेच असताना शब्द वेगळे कसे होतात? संच म्हणून पाहिले तर या जोड्या एकरूप आहेत. भेद आहे तो केवळ क्रमाचा. आचार्यांचे उत्तर असे की क्रमाने चालणाऱ्या मुंग्यांवरच जशी पंक्तीची बुद्धी होते, तसे ठरावीक क्रमाने आलेले वर्णच एका बुद्धीत आरूढ होऊन पद बनतात. त्यासाठी वर्णांखेरीज तिसरी वस्तू कल्पिणे म्हणजे दिसते ते सोडून न दिसणारे मानणे होय.

प्रश्नभाषेत ॲरे आणण्याचे जे दोन मार्ग आहेत ते या दोन पक्षांच्या शेजारी ठेवून पाहता येतात. पहिल्या मार्गात ॲरे नावाची नवी वस्तू भाषेत येतच नाही. निर्देशांक हा एक जादा स्तंभ होतो, कोणत्या ॲरेत कोणत्या स्थानी कोणते मूल्य आहे हे सांगणारी सुटी तथ्ये असतात, आणि एका स्थानी एकच मूल्य असेल एवढे बंधन त्यांवर घातले जाते. येथे फक्त मुंग्या आहेत आणि त्यांचा क्रम आहे. दुसऱ्या मार्गात संपूर्ण ॲरे हेच एक मूल्य होते, ते एखाद्या चलाला देता येते, दुसऱ्या ॲरेशी ताडून पाहता येते आणि तथ्याच्या एकाच जागी बसवता येते. येथे पंक्ती ही स्वतःच एक वस्तू झाली. लिबकिन, माखलिन आणि वाँग यांनी १९९६ साली मांडलेल्या बहुमितीय ॲरेंच्या प्रश्नभाषेत ॲरे म्हणजे निर्देशांकांच्या मर्यादित क्षेत्रावरील फलन, अशी व्याख्या स्वीकारली आहे. फलन म्हणजे प्रत्येक निर्देशांकाला एक मूल्य नेमून देणारा संबंध. ही व्याख्या दोन्ही पक्षांना जोडणारी आहे, कारण फलन हे एक मूल्य म्हणून हाताळता येते आणि उलगडले की ते पुन्हा तथ्यांचा संचच असते. तत्त्वतः शंकराचार्यांचा पक्ष येथे पुरेसा ठरतो असे म्हणावे लागते. अखंड वस्तू मानण्याने लिहिण्याची सोय वाढते, पण सत्यांच्या संख्येत भर पडत नाही.

या तुलनेचा अर्थ प्राचीनांना संगणक ठाऊक होता असा काढणे हा त्या विचारवंतांवर अन्यायच होईल. त्यांचे मोठेपण असे की त्यांनी प्रश्न त्याच्या साधनांपासून सोडवून घेतला, म्हणून नवी साधने आल्यावरही त्यांची उत्तरे तपासून पाहण्याजोगी राहिली.

अंगे बदलली की वस्तू तीच राहते काय, हा प्रश्नही याच ओघात येतो. सामान्य प्रोग्राममध्ये ॲरे म्हणजे खणांची ओळ असते, एका खणातील मूल्य पुसून दुसरे लिहिले तरी ॲरे तोच मानला जातो. तर्कभाषेला हे मानवत नाही, कारण तेथे तथ्य एकदा सत्य ठरले की ते पुसले जाण्याची कल्पनाच नसते. जॉन मॅकार्थी यांनी १९६२ साली यावर जो मार्ग काढला तो आजही प्रमाण मानला जातो: खणात लिहिणे ही कृती नसून ती जुन्या ॲरेपासून नवा ॲरे देणारी क्रिया समजावी, नव्या ॲरेत त्या स्थानी नवे मूल्य मिळते, इतर सर्व स्थानी जुनेच मिळते, आणि जुना ॲरे आपल्या जागी जसाच्या तसा राहतो. न्याय-वैशेषिकांनी वस्त्राविषयी असाच निर्णय दिला होता. वस्त्र हे तंतूंहून भिन्न असा अवयवी आहे असे ते मानतात, आणि म्हणूनच एक तंतू निघाला की पूर्वीचा अवयवी नष्ट होऊन उरलेल्या तंतूंतून खंडपट नावाचा नवा अवयवी उत्पन्न होतो असे त्यांना म्हणावे लागते. फरक एवढाच की मॅकार्थी यांच्या जगात जुन्याचा नाश होत नाही, कारण तेथे काळच नाही.

आता किमतीचा विचार. निर्देशांक अंक असल्यामुळे त्यात एक मिळवून पुढचा निर्देशांक काढण्याची मुभा द्यावी लागते, आणि तेवढ्यानेच डेटालॉगची सर्वांत मौल्यवान हमी धोक्यात येते. मूळ डेटालॉगमध्ये नियम नवे पदार्थ निर्माण करू शकत नाहीत, जे आधीपासून डेटाबेसमध्ये आहेत त्यांच्याचविषयी बोलतात. म्हणून शक्य तथ्यांची संख्या मर्यादित असते आणि गणना नक्की थांबते. शून्य ही संख्या आहे, आणि एखादी संख्या असेल तर तिच्यापुढचीही आहे, हे दोन नियम लिहिताच तथ्ये संपण्याचे नाव घेत नाहीत. भारतीय तार्किकांनी ज्याला अनवस्था म्हटले, म्हणजे एका पायरीतून दुसरी निघत राहून कोठेही विसावा न मिळणे, ती येथे शब्दशः घडते. बॉनर आणि मेक्का यांनी १९९५ साली क्रमिकांसाठी, म्हणजे क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या ओळींसाठी, विस्तारलेल्या डेटालॉगचा अभ्यास करताना यावर एक मार्मिक भेद पुढे केला: अस्तित्वात असलेल्या क्रमिकेच्या आत शिरून तिचे तुकडे तपासणारे पुनरावर्तन वेगळे, आणि तुकडे जोडून नव्या क्रमिका घडवत जाणारे पुनरावर्तन वेगळे. पहिले कितीही चालले तरी त्याला आधीच सीमा आहे. दुसऱ्याला सीमा घालावी लागते. ॲरेची लांबी तथ्य म्हणून आधीच जाहीर करण्याची अट म्हणूनच केवळ शिस्तीची नाही, ती अनवस्थेला घातलेला बांध आहे.

याहून खोल गोष्ट क्रमाच्या सामर्थ्याविषयी आहे, आणि या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य तेच आहे. एखाद्या संचातील वस्तूंची संख्या सम आहे की विषम, असा साधा प्रश्न घ्यावा. संचातील वस्तूंना एकमेकींपासून वेगळे ओळखण्याची कोणतीही खूण नसेल तर स्थिरबिंदूवर आधारलेल्या तर्कभाषेत हा प्रश्न लिहिताच येत नाही, हे सिद्ध झालेले आहे. पण त्याच वस्तू एका ओळीत लावल्या की काम सोपे होते: पहिली विषम स्थानी, विषमानंतरची सम स्थानी, समानंतरची विषम स्थानी, आणि शेवटची ज्या स्थानी येईल ते उत्तर. नील इमरमन आणि मोशे वार्डी यांनी १९८२ साली स्वतंत्रपणे सिद्ध केले की वस्तूंवर क्रम दिलेला असेल तर स्थिरबिंदू तर्कभाषा बहुपदी वेळात सुटणारे सर्व प्रश्न व्यक्त करू शकते, म्हणजे माहितीच्या आकाराच्या एखाद्या ठरावीक घातापेक्षा जास्त पायऱ्या ज्यांना लागत नाहीत असे सर्व प्रश्न. क्रम नसेल तर तीच भाषा सम-विषम सांगायलाही असमर्थ असते. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की सम-विषमाचे उत्तर कोणत्याही क्रमावर अवलंबून नाही. वस्तू कशाही लावल्या तरी ते तेच येते. म्हणजे ज्या सत्यात क्रमाचा अंशही नाही त्या सत्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणता तरी क्रम हाती धरावा लागतो, मग तो कोणता का असेना. क्रम हा ज्ञेयाचा भाग नसूनही ज्ञानाचे साधन असू शकतो, हे इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे क्वचितच दिसले असेल.

अशोक चंद्रा आणि डेव्हिड हॅरेल यांनी १९८० साली प्रश्नाची जी कसोटी सांगितली तिचा गाभा असा की वस्तूंची नावे वा त्यांची साठवण अदलाबदल केली तरी उत्तर त्यानुसारच बदलावे, अन्यथा नाही. ॲरे आणला की ही कसोटी सैल होण्याचा धोका असतो, कारण एखादा प्रश्न नकळत निर्देशांकाच्या अंकावरच टेकू लागतो. कोणताही क्रम उसना न घेता नेमके बहुपदी वेळातलेच प्रश्न व्यक्त करणारी तर्कभाषा आहे काय, हा त्यांचाच पुढचा प्रश्न. युरी गुरेविच यांनी १९८८ साली अशी भाषा नसावी असे अनुमान मांडले, आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही.

तेव्हा क्रम स्वीकारायचा तर त्याला प्रमाण काय, हे विचारणे प्राप्त होते. ही चौकशी ज्या कसोशीने पूर्वमीमांसेने केली तशी दुसऱ्या कोणी केली नसावी. जैमिनींच्या सूत्रांचा पाचवा अध्याय यज्ञातील कर्मांच्या क्रमालाच वाहिलेला आहे, आणि क्रम ठरवण्याची श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य व प्रवृत्ती अशी सहा प्रमाणे मीमांसकांनी लावून दिली आहेत, ज्यांत आधीचे प्रमाण नंतरच्यापेक्षा बलवान समजले जाते. श्रुती म्हणजे क्रम स्पष्ट शब्दांत सांगणारे वचन, अर्थ म्हणजे कर्माचे प्रयोजन, आणि पाठ म्हणजे वाक्ये ग्रंथात ज्या क्रमाने आली तो क्रम. अग्निहोत्राचे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे की वेदवाक्यांत होमाचा उल्लेख आधी येतो आणि यवागू, म्हणजे पेज, शिजवण्याचा नंतर; पण पेज होमासाठीच असल्यामुळे ती आधी शिजवली पाहिजे, आणि येथे पाठक्रम बाजूला सारून अर्थक्रम घ्यावा लागतो. लिहिण्याचा क्रम हा क्रमाचे एक प्रमाण आहे, पण ते दुर्बल प्रमाण आहे, हा विवेक कॉड यांच्या वैराग्याहून अधिक संपन्न वाटतो, कारण तो क्रमाला सरसकट हाकलत नाही, त्याची उपपत्ती मागतो.

पाणिनीय परंपरेतील चौदा शिवसूत्रे हे बलवान क्रमाचे उदाहरण म्हणून येथे आठवते. अकारापासून चकाराच्या खुणेपर्यंतचे सर्व वर्ण म्हणजे अच्, अर्थात स्वर. दोन टोके सांगितली की मधला सारा समूह हाती येतो. हा ॲरेमधील पट्टा कापून घेण्याचाच प्रकार आहे, आणि तो शक्य होतो कारण वर्णांचा तो क्रम व्याकरणाच्या प्रयोजनासाठी मुद्दाम घडवलेला आहे. त्याच वर्णांची नेहमीची वर्णमाला घेऊन टोके सांगितली तर व्याकरणाला हवे ते समूह मिळणार नाहीत.

प्रश्नभाषा रचणाऱ्यांनी यातून घेण्याजोगी गोष्ट स्पष्ट आहे. कर्मचाऱ्यांची नावे ॲरेत ठेवली तर तिसऱ्या आणि चौथ्या नावांचे शेजारपण हे केवळ पाठाचे शेजारपण असते, आणि त्यावर टेकणारा प्रश्न भाषेने नाकारला तर ते योग्यच होईल. भारतीय हवामान विभागाची दैनिक पर्जन्याची जालिका मात्र निराळी आहे. ती ०.२५ अक्षांश-रेखांशांच्या अंतराने आखलेली असून १९०१ पासूनच्या दिवसांसाठी उपलब्ध आहे. तिच्या निर्देशांकांचा क्रम भूमीचा आणि काळाचा क्रम आहे, शेजारचा बिंदू म्हणजे खरोखरच शेजारची जमीन, आणि पुढचा निर्देशांक म्हणजे खरोखरच दुसरा दिवस. या क्रमाला अर्थाचे प्रमाण आहे. दोन्ही रचनांना एकच ॲरे नावाचा प्रकार देऊन त्यांवर एकसारख्या क्रिया चालू देणे हा भाषेचा आळस होय. प्रत्येक ॲरेसोबत त्याचा क्रम कशावरून आला हे जाहीर करण्याची जागा भाषेतच असावी, म्हणजे कोणत्या प्रश्नाने कोणत्या क्रमावर विसंबावे हे नियम तपासतानाच कळेल.

याच जालिकेत अभावाचा प्रश्नही उभा राहतो. जे सिद्ध होत नाही ते असत्य समजावे, हा संकेत रेमंड रायटर यांनी १९७८ साली बंदिस्त जगाचे गृहीतक म्हणून मांडला, आणि डेटालॉगमधील नकार त्याच गृहीतकावर चालतो. संचात नसलेल्या तथ्याला जागाच नसते, म्हणून त्याचे नसणे सर्वत्र सारखेच असते. नैयायिकांनी मात्र अभावाला नेहमी एक अधिकरण मागितले. घट नाही असे नुसते म्हणता येत नाही, या भूतलावर घट नाही असे म्हणावे लागते. ॲरे हे अधिकरण पुरवतो, कारण मूल्य नसले तरी त्याचे स्थान असतेच. जालिकेची चौकट आयताकृती असल्यामुळे तिच्यात समुद्रावरचे आणि सीमेपलीकडचे बिंदूही येतात, ज्यांना पावसाचे मूल्य असण्याचा प्रश्नच नाही. चौकटीतल्या एखाद्या बिंदूवर त्या दिवशी पाऊस शून्य असतो. एखाद्या दिवसाचे मूल्य साठवणुकीतून गहाळ झालेले असू शकते. आणि एखादा निर्देशांक चौकटीच्याच बाहेरचा असतो. पाऊस पडला नाही असे बिंदू सांगा, हा प्रश्न केवळ बंदिस्त जगाच्या गृहीतकावर सोडवला तर अरबी समुद्र आणि दुष्काळी माण तालुका एकाच यादीत येतील. म्हणून निर्देशांक क्षेत्राबाहेर असणे, स्थान असून मूल्य लागूच नसणे, मूल्य असायला हवे पण ज्ञात नसणे आणि मूल्य शून्य असणे या चार गोष्टी चार वेगळ्या विधेयांनी सांगाव्या लागतील, आणि नकाराचे चिन्ह त्यांपैकी कोणत्या विधेयाला लावले आहे हे प्रत्येक नियमात उघडपणे लिहावे लागेल.